क्रोमवर रंग बसत नाही, मग जुन्या गाडीच्या मोनोग्राममध्ये तो भरतात कसा?

जुन्या गाड्यांच्या रॅलीत कधी गेलात तर एक गोष्ट करून बघा. तिथल्या सगळ्यात चकचकीत गाडीपासून दहा पावलं मागे या आणि तिच्या बॉनेटवरचं किंवा डिकीवरचं नाव वाचायचा प्रयत्न करा. बऱ्याचदा वाचताच येत नाही. बंपरमध्ये चेहरा दिसतोय, व्हील कप आरशासारखे झालेत, पण नावाच्या जागी नुसती चमचम. शेजारीच तेवढ्याच वयाची, जरा कमी चकाकणारी गाडी उभी असते आणि तिचं नाव मात्र लांबूनही लख्ख दिसतं.

फरक असतो चमचाभर रंगाचा.

क्रोम म्हणजे आरसा. मोनोग्रामवरची उठावाची अक्षरं क्रोमची आणि त्यांच्यामागची पाटीही क्रोमची असेल, तर दोन्हींत तेच आकाश आणि तीच माणसं दिसतात. अक्षर कुठे संपलं आणि पाटी कुठे सुरू झाली हे डोळ्याला कळत नाही. म्हणून गाड्या बनवणाऱ्यांनी अक्षरांच्या मधल्या खोलगट भागात काळा, लाल किंवा निळा रंग भरायला सुरुवात केली. व्हील कपच्या मधलं चिन्ह, पुढच्या जाळीच्या पट्ट्यांमधली फट, दारावरून जाणाऱ्या पट्टीतली बारीक खाच, हॉर्नचं बटण, डॅशबोर्डवरचे नॉब अशा सगळीकडे हा रंग असतो. क्रोम चमकतं ते या काळोखामुळे, असं म्हटलं तरी चालेल.

गाडी नव्याने उभी करताना इंजिन, पत्र्याचं काम, सीटची कव्हरं यांत वर्षं आणि लाख जातात. मोनोग्रामचा रंग येतो सगळ्यात शेवटी. खर्च जवळपास शून्य, वेळ एखाद-दोन संध्याकाळ. तरीही सगळ्यात जास्त बिघडतं ते हेच काम. एक तर ते कुणी करतच नाही, नाहीतर पत्र्याला मारतात तसाच रंग क्रोमला मारून मोकळं होतात. मग वर्षभरात पापुद्रे निघायला लागतात.

क्रोमला रंगाचं वावडं का?

आपण ज्याला क्रोम म्हणतो तो एकच थर नसतो. बंपरचं उदाहरण घ्या. खाली लोखंडी पत्रा, त्यावर बहुतेक वेळा तांबं, त्यावर निकल आणि सगळ्यात वर क्रोमियम. यातलं खरं काम निकल करतं. गुळगुळीतपणा त्याचा आणि गंजापासून बचावही मुख्यतः त्याचाच. निकलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा असतो. वरचं क्रोमियम मात्र पाव मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ.

मग एवढा पातळ थर द्यायचाच कशाला? कारण नुसतं निकल हवेत पिवळट पडतं, त्यावर धुकं धरल्यासारखं होतं. क्रोमच्या आधीच्या गाड्यांवर पितळ किंवा निकलच असायचं आणि ते घासत बसणं हा रोजचा उद्योग होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत क्रोम प्लेटिंग गाड्यांवर आलं आणि हे घासणं संपलं. (तुमच्याकडे १९२२ ची गाडी असेल आणि तिच्यावर झगझगीत क्रोम असेल, तर ते मागाहून कुणीतरी चढवलंय. निकलची झाक किंचित उबदार, पिवळसर असते. क्रोमची निळसर, थंड.)

क्रोमियम हवेत आल्याबरोबर स्वतःवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पडदा चढवून घेतं. हा पडदा पारदर्शक आणि घट्ट असतो आणि फारशा कशाशीच रासायनिक नातं जोडत नाही. म्हणून पाऊस, घाम, धूळ यांचं त्याच्यापुढे काही चालत नाही. आणि म्हणूनच रंगाचंही चालत नाही.

रंग एखाद्या पृष्ठभागाला धरून राहतो तो दोन प्रकारे. एक तर पृष्ठभाग थोडा खरखरीत हवा, म्हणजे रंग त्या ओरखड्यांत शिरून अडकतो. गाडीचा पत्रा रंगवण्याआधी पेंटर पॉलिश पेपर मारतो तो यासाठीच. दुसरं, रंगाची किंवा प्रायमरची त्या धातूशी रासायनिक पकड व्हायला हवी. क्रोमवर यातलं काहीच नाही. काचेसारखं गुळगुळीत आणि वर कुणाशी न बोलणारं.

फसवणूक अशी की रंग लावताना काही कळत नाही. तो छान पसरतो, वाळतो, फोटो मस्त येतात. मग गाडी उन्हात उभी राहते, धातू तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो. गाडी चार वेळा धुतली जाते. रंगाची कड कुठेतरी सुटते आणि एके दिवशी अख्खा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा हातात येतो.

तर मग कारखान्यातला रंग ४०-४० वर्षं कसा टिकला? दोन कारणं. बऱ्याच ठिकाणी तो भट्टीत तापवून कडक केलेला असायचा. आणि तो खाचेत असायचा. खाचेतल्या रंगाला हात लागत नाही, चिंधी लागत नाही, शिवाय चारही बाजूंच्या भिंती त्याला धरून ठेवतात.

आधी भिंग, मग ब्रश

या कामाचा निम्मा भाग रंग लावण्याचा नाहीच, तो शोधाचा आहे. मोनोग्राम गाडीवरून काढलात की धुण्याआधी भिंग घ्या. अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे चिंधी कधी पोहोचली नसेल तिथे, मूळ रंगाचा एखादा कण सापडतो. मोनोग्रामच्या कडेखाली किंवा रबरी गास्केटने झाकलेल्या जागी तर तो उन्हापासूनही वाचलेला असतो. उघड्यावरचा रंग, विशेषतः लाल, वर्षानुवर्षांच्या उन्हाने फिका पडलेला असतो. त्यावरून शेड ठरवलीत तर चुकेल. झाकलेल्या कणावरून ठरवा. तो कण ओला करून बघा, खडूसारखा झालेला रंगही पाण्याने थोडा मूळ रूपात दिसतो. पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. नंतर हे सगळं कायमचं जाणार आहे.

मग प्रश्न येतो की तो रंग मुळात रंग आहे का?

हे विचित्र वाटेल, पण अनेक जुन्या मोनोग्रामवरचा रंग हा रंग नसून काच असते. आपल्याकडे दागिन्यांवर मीनाकारी करतात तेच तंत्र: काचेची रंगीत पूड धातूच्या खाचेत भरायची आणि भट्टीत वितळवायची. यासाठी ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं, म्हणून खालचा धातू तांबं किंवा पितळेसारखा, त्या आचेला टिकणारा असावा लागतो. दुसरीकडे, पन्नास-साठच्या दशकांतले असंख्य मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले आहेत. हा मिश्रधातू ४०० अंशांच्या आसपासच वितळतो. म्हणजे त्यावर काचेची मीनाकारी होऊच शकत नाही. हातातला मोनोग्राम जस्ताचा असेल, तर त्यावरचा रंग हा रंगच आहे आणि तो पुन्हा भरता येतो. जुन्या जस्ताचा भाग ओळखता येतो, कारण क्रोमखालून बारीक फोड आलेले असतात आणि पाठीमागे पांढरट भुकटी दिसते. मोनोग्राम तांब्या-पितळेचा असेल आणि आतला रंग नखाला काचेसारखा लागत असेल, तर ब्रश बाजूला ठेवा. तुटलेल्या मीनाकारीत रंग भरता येतो, पण ती दुरुस्ती जवळून दिसतेच. चांगल्या तुकड्यासाठी मीनाकारीचंच काम करणारा माणूस शोधावा.

सोनेरी रंगाच्या बाबतीत अजून एक चकवा आहे. १९५७ ची शेवरोले बेल एअर आठवा, हॉलिवूडच्या सिनेमांत हमखास दिसणारी, मागे पंख असलेली. तिच्या पुढच्या जाळीची सोनेरी झाक म्हणजे ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम आहे, रंगाचा डबा तिला कधी लागलेला नाही. त्यावर सोनेरी स्प्रे मारला की तो पितळी भांड्यासारखा मठ्ठ दिसतो. आणि तो काढायला कॉस्टिक असलेलं क्लीनर वापरलंत तर खालचं ॲनोडायझिंगही धुऊन जातं.

आणि शेड बरोबर असली तरी काळ चुकू शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोल्स रॉइसचं. संस्थानिकांमुळे भारतात या गाड्या भरपूर आल्या, त्यामुळे आपल्यालाही ते लागू आहे. त्यांच्या रेडिएटरवरच्या दोन आरची अक्षरं आधी लाल होती. १९३३ मध्ये ती काळी झाली. त्याच वर्षी हेन्री रॉइस वारले, म्हणून काळा रंग शोकाचा अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. पण हा निर्णय आधीच झाला होता, लाल अक्षरं गिऱ्हाइकांनी निवडलेल्या गाडीच्या रंगांशी विसंगत दिसत होती म्हणून, असं कंपनीच्या इतिहासाचे जाणकार सांगतात. कारण काहीही असो, १९२८ च्या रोल्सवर काळी अक्षरं दिसली की जाणकार माणूस तिथेच थबकतो.

उलट फोक्सवॅगन बीटलच्या पन्नाशीतल्या क्रोमच्या व्हील कपवर मधलं चिन्ह रंगवलेलं असायचं, अनेकदा गाडीच्या रंगाशी जुळणाऱ्या छटेत. म्हणजे तिथे सगळ्या बीटलना चालेल असा एकच बरोबर रंग नाही, तुमच्या गाडीपुरता आहे.

आपल्याकडच्या फियाट आणि ॲम्बेसेडरचा घोळ वेगळाच. या गाड्या दशकानुदशकं बनत राहिल्या आणि चालत राहिल्या. एका सालातली जाळी दुसऱ्या सालातल्या गाडीला, एकाचा मोनोग्राम दुसऱ्याला, हे गॅरेजवाल्यांनी सर्रास केलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जिचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं, तिच्यावर आज जो मोनोग्राम आहे तो तिचा पहिला असेलच असं नाही. त्यामुळे शेजारच्या पद्मिनीकडे बघून रंग ठरवणं धोक्याचं. कंपनीचं त्या काळातलं पार्ट्सचं पुस्तक, जाहिरातीची पत्रकं आणि घरातले अल्बम हे जास्त भरवशाचे. लग्नात गाडीपुढे उभं राहून काढलेला कृष्णधवल फोटोसुद्धा सांगतो की अक्षरांमागे गडद काहीतरी होतं की नव्हतं. फक्त एक लक्षात ठेवा, जुन्या काही फिल्मवर लाल रंगही काळाच उमटायचा.

प्लेटिंगला देण्याआधी दोनदा विचार

आता थोडं अवघड बोलूया. बहुतेक लोक मोनोग्राम आणि जाळी सरसकट क्रोम प्लेटिंगला टाकतात. गाडी नवीन दिसायला हवी ना!

प्लेटिंगवाला काय करतो? आधी जुना थर रसायनांत काढतो. मग खड्डे घालवायला आणि चमक आणायला भाग बफवर धरतो. बंपरला हे ठीक आहे. पण मोनोग्रामवरची अक्षरं मिलिमीटरभर उंचीची असतात. बफने त्यांच्या कडा गोल होतात, उंची कमी होते. वर तांब्याचा नवा थर चढतो, तो खाचा थोड्या भरून काढतो. भाग परत येतो तेव्हा झळाळत असतो, पण अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या नावासारखी झालेली असतात. मग त्यात रंग भरायला खाचच उरत नाही. हे नुकसान परत भरून येत नाही. मोनोग्राम द्यायचाच असेल तर अक्षरांवर बफ चालवू नका, हाताने घासा, असं स्पष्ट सांगून आणि शक्य असल्यास लिहून द्या.

दुसरी बाजू त्या हौदापाशी उभ्या असलेल्या माणसाची. पारंपरिक क्रोम प्लेटिंग ज्या द्रावणात होतं त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं. त्यातून उठणारा फवारा श्वासातून जातो. या प्रकारच्या क्रोमियमला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलंय. वर्षानुवर्षं या कामात असलेल्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. युरोपीय संघात २०१७ पासून हे द्रावण खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ठरवलं की शोभेच्या प्लेटिंगमधून ते २०२७ पासून बाद करायचं. गाडीवर आल्यावर क्रोम निरुपद्रवी आहे, तो तयार धातू आहे, त्याला हात लावायला घाबरू नका. धोका हौदापाशी आहे, आणि जिथे हवा ओढून घेणारी यंत्रणा नाही तिथे जास्त.

माझं मत सरळ आहे. क्रोम बऱ्यापैकी शाबूत असेल, चार ठिपके आणि थोडं धुकं एवढंच असेल, तर ते साफ करा आणि खाचेत नवा रंग भरा. खाचेत गडद, ताजा, स्वच्छ कडांचा रंग आला की आजूबाजूचं जुनं क्रोमही उजळ वाटायला लागतं. नजरेची ही फसवणूक फुकटात मिळते आणि अक्षरंही जिवंत राहतात.

आता प्रत्यक्ष काम

व्हील कप घ्या, ज्याच्या मध्यभागी खोलगट पाटीवर उठावाची अक्षरं आहेत. सगळ्यात आधी साबणाच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रशने धुवायचं. मग मेण आणि तेल काढणारं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुन्या गाड्यांवर वर्षानुवर्षं चढवलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन हा इथला खरा शत्रू. ते उरलं असेल तर नवा रंग अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो, मध्ये गोल गोल डोळे पडतात. कोपऱ्यांत टूथपिकला कापूस गुंडाळून फिरवा. यानंतर बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं.

जुना रंग काढायचा असेल तर कोरडा घासू नका. त्या काळातल्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असण्याची शक्यता बरीच असते. ओलं करून किंवा रिमूव्हर लावून काढा, हातमोजे घाला, आणि चिंध्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा टाका.

क्रोमवर पॉलिश पेपर मारायचा का, यावर दोन पेंटरांची तीन मतं असतात. खाच खोल आणि अरुंद असेल तर गरज नाही, भिंती रंग धरून ठेवतात. पण रुंद, सपाट पट्टा काळा करायचा असेल तर रंगाखालची जागा थोडी मुरवावीच लागते: करड्या स्कॉचब्राइटने किंवा ८०० नंबरच्या पेपरने, ओलं करून, हलक्या हाताने. वरचा थर पाव मायक्रॉनचा आहे हे विसरू नका. तो गेला की खाली निकल उघडं पडतं, आणि निकलही गेलं की लोखंड. म्हणून घासणं फक्त रंगाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत, कडेपासून थोडं आत. मूळ, न बदललेल्या क्रोमवर मी तर पेपर लावणार नाही. पापुद्रा निघाला तर पुन्हा रंगवता येईल, ओरखडा मात्र राहील.

घासलेल्या जागेवर इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात. साध्या एच प्रायमरवर विसंबू नका. त्यातलं आम्ल लोखंड आणि ॲल्युमिनियमला चावतं, क्रोमच्या त्या ऑक्साइडच्या पडद्यापुढे त्याचं फार चालत नाही.

रंग कोणता? इथे ड्युकोसारखा चटकन वाळणारा रंग अडचणीचा ठरतो, कारण जादा रंग पुसायला वेळच मिळत नाही. हळू वाळणारा इनॅमल बरा. खेळण्यातली विमानं-गाड्या रंगवणारे हौशी लोक वापरतात तो चालतो, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडचा चालतो. टर्पेंटाइनने इतपत पातळ करायचा की ब्रशच्या टोकावरून सावकाश ओघळेल.

आणि मग लावायचा नाही, सोडायचा. बारीक ब्रशच्या टोकावर थेंब घेऊन तो खाचेच्या मध्यभागी टेकवला की रंग आपोआप भिंतीपर्यंत पसरत जातो. ब्रश कडेपर्यंत ओढायची गरजच नाही. भाग मात्र पूर्ण सपाट ठेवलेला हवा, नाहीतर रंग एका बाजूला साचतो. बारीक खाचांसाठी सुई बोथट केलेली इंजेक्शनची सिरिंजही वापरतात. एकदम काठोकाठ भरू नका. दोन पातळ हात, मध्ये रात्रभराचा वेळ.

अक्षरांच्या माथ्यावर रंग लागणारच. लागू दे. इथे क्रोमचा दुर्गुण कामाला येतो: ज्या गुळगुळीतपणामुळे रंग टिकत नाही, त्याच गुळगुळीतपणामुळे तो स्वच्छ पुसलाही जातो. रंग थोडा घट्ट झाला, पण पुरता वाळला नाही, अशा वेळी एखादी सपाट लाकडी पट्टी घ्या, आइस्क्रीमची काडीसुद्धा चालेल. तिच्यावर जुन्या सुती कपड्याची चिंधी ताणून गुंडाळा, सुरकुती नको. टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल एवढीच ओली करा आणि अक्षरांच्या माथ्यावरून एकदाच फिरवा. चिंधी सैल असेल तर ती खाचेत उतरते आणि भरलेला रंग उपसते. ताणलेली असेल तर फक्त उंच भागाला लागते. प्रत्येक फटक्याला चिंधीची नवी बाजू. लांब खाच असेल तर फटका खाचेला आडवा मारायचा, तिच्या दिशेने नाही.

बिघडलं तर? ओला असतानाच सगळं पुसून पुन्हा करा. क्रोमला टर्पेंटाइनने काही होत नाही. गाडीच्या सगळ्या कामात इतकं माफ करणारं काम दुसरं नाही. अपवाद एकच: भाग प्लास्टिकचा असून त्यावर क्रोमसारखी चमक दिलेली असेल, जशी सत्तरीनंतरच्या अनेक गाड्यांत आणि डॅशबोर्डच्या नॉबवर दिसते, तर थिनरच्या एका फटक्यात सगळी चमक चिंधीवर येते. वजनाला हलका आणि हाताला गार न लागणारा भाग दिसला की आधी मागच्या बाजूला थेंबभर लावून बघा.

जाळीच्या पट्ट्यांमधला रुंद काळा पट्टा मात्र पुसून होत नाही. तिथे मास्किंग टेप हवी, तीही वळणावर नीट बसणारी बारीक फाइन लाइन टेप. कड नखाने घट्ट दाबायची, स्प्रेचे तीन-चार पातळ हात, आणि शेवटचा हात पुरता वाळायच्या आत टेप काढायची. टेप सरळ वर खेचू नका, स्वतःवरच मागे दुमडून तिरकी ओढत न्या. रंग कडक झाल्यावर टेप काढलीत तर कडही सोबत येते.

राहिली चमक, म्हणजे रंगाची. इथे हौशी लोक हमखास घसरतात. नवा काळा रंग आणायचा तर झगझगीत ग्लॉस आणतात. पण जाळीच्या आतल्या काळ्याचं काम मागे सरण्याचं असतं, आणि अर्धवट किंवा अगदी मंद चमकेचा काळाच तिथे खोली देतो. ग्लॉस काळ्यातही प्रतिबिंब पडतं, मग आपण सुरुवातीच्या अडचणीवर परत आलो. मोनोग्रामच्या अक्षरांमागे ग्लॉस शोभू शकतो, जाळीत क्वचितच. झाकलेल्या जागी मूळ रंग सापडला असेल तर तोच सांगेल.

सगळं झाल्यावर वरून लॅकरचा पारदर्शक हात मारून क्रोमसकट सील करायचा मोह होतो. करू नका. तो लॅकरही क्रोमवर बसणार नाही, वर पिवळा पडेल.

हे इतकं महत्त्वाचं आहे का?

कायद्याने नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी त्यात येते आणि तिला ‘व्हीए’ ही अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. मूळ स्वरूप म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत. मोनोग्रामचा लाल चुकला म्हणून कुणी नोंदणी अडवणार नाही.

पण ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये जी ट्युरिन सनद स्वीकारली, तिचा रोख वेगळा आहे. जितकं जपता येईल तितकं जपा, हस्तक्षेप कमीत कमी करा आणि जे कराल त्याची नोंद ठेवा. मोनोग्रामसाठी या नोंदीला पाच मिनिटं लागतात. आधीचे फोटो, सापडलेला रंग कुठे होता ते, नव्या रंगाचं नाव आणि तारीख हे सगळं गाडीच्या फाइलमध्ये ठेवायचं. मूळ रंगाचा एखादा कोपरा, कुणाच्या नजरेत न येणारा, तसाच न रंगवता सोडता आला तर फारच छान. पुढच्या मालकाला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार नाही.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण इनॅमल आतून कडक व्हायला बरेच दिवस घेतो. तोवर मोनोग्राम घरातच, धूळ न बसेल असा झाकून ठेवा. बसवताना मागे नवी रबरी गास्केट घाला, म्हणजे पाणी साचून पत्रा गंजणार नाही. पिनांच्या चकत्या फार आवळू नका, जस्ताच्या पिना कटकन तुटतात. पहिले काही आठवडे मेण नको. आणि गाडी पुसायला जो कोणी येत असेल त्याला एवढं नक्की सांगा की ब्रासो आणि रॉकेलची चिंधी मोनोग्रामला लावायची नाही. ओलं फडकं आणि कोपऱ्यांसाठी मऊ ब्रश, बास.